ती माडी झाकून काय मिळवलं ओ?

बेळगावच्या बाजारात दुकान नवं दिसायला हवं असेल तर सध्या एकच उपाय. दर्शनी भिंतीवर लोखंडी सांगाडा ठोका, त्यावर एसीपी शीट (ॲल्युमिनियमचे चकचकीत पत्रे) चढवा, वर एलईडीची अक्षरं लावा. झाला मॉल! मागं काय होतं ते कुणाला पडलंय?

खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, कुठंही उभं राहून मान वर करा. खाली दुकान, वर माडी. जांभ्या चिऱ्याची जाड भिंत, चुन्याचा गिलावा, कमानीची खिडकी, सागवानी कठडा. माथ्यावर मंगळुरी कौलं. बासेल मिशननं १८६५ ला मंगळुरात कारखाना काढला, आणि ते कौल पुढं घाट चढून आमच्याकडं घरोघरी आलं. माडी रस्त्यावर थोडी पुढं काढलेली, त्यामुळं आमच्या चार महिन्यांच्या पावसातसुद्धा गिऱ्हाईक दुकानापुढं कोरडं उभं राहायचं. आता शीट सपाट खालपर्यंत आली. पावसाचं पाणी थेट गिऱ्हाइकाच्या टाळक्यात.

आमचं दुकान भाड्याच्या जागेत. वरचा कठडा वीतभर पुढं येत होता, शीट सरळ बसेना, म्हणून मालकानं करवतीनं कापून टाकला. सागवान! मी म्हटलं, "मालक, असं काय करूलासा ओ?" तर म्हणे, "जुनं दिसतंय, गिऱ्हाईक येत नाही." अहो, गिऱ्हाईक येत नाही कारण गाडी लावायला जागा नाही. कठड्यानं काय घोडं मारलंय तुमचं?

खरा घात तर त्याआधीच झालेला. चुना पडायला लागला म्हणून सिमेंटचा गिलावा मारला. जांभा पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो, चुना त्याला सोडू देतो. सिमेंट नाही देत. ओल आतच कोंडते, भिंतीला लोणा येतो, भिंतीत गेलेली तुळयांची टोकं कुजतात. त्यावर शीट ठोकली की कुजलेलं दिसायचंही बंद. आणि मग एका पावसाळ्यात भिंत फुगली की सगळे म्हणणार, "जुनी इमारत, धोकादायक, पाडा." धोकादायक केली कुणी? घाण्यावर मळलेल्या चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला गेलं की लोक हसतात, ते वेगळंच.

कचेरीत विचारायला गेलो. ही इमारत कुठल्या यादीत आहे का, तिला काही संरक्षण आहे का? साहेबांनी किल्ल्यातल्या कमल बस्तीचं, म्हणजे जुन्या जैन मंदिराचं, नाव सांगितलं. बस्ती १२०४ ची, तिला जपायलाच पाहिजे, पण मी विचारतोय बाजाराचं! मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींची नियमावली आहे, त्यात श्रेणी आहेत, साध्या चाळी आणि दुकानंसुद्धा त्यात धरलीत. इथं विचारलं की साहेब चहा मागवतात. फलकावर साठ टक्के कन्नड आहे की नाही हे बघायला मात्र माणसं येतात, फूटपट्टी घेऊनच आल्यासारखी. त्याच फलकाचे खिळे कमानीत ठोकलेत, ते कुणालाच दिसत नाहीत. आणि आपल्या लोकांचंही तेच ओ. फलकावर मराठी नाही म्हणून मोर्चाला जाणारे आमचे शेजारी, त्यांनीच स्वतःच्या पणज्यानं बांधलेली माडी शीटखाली गाडली.

ह्या गावानं असं पूर्वीही केलंय म्हणा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ ला सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात. पुढं नगरपालिकेनं नव्या वसाहतीसाठी त्यांना कारखान्याच्या जागेवरून उठवलं, आणि १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली ती औंध संस्थानात. आमच्याकडं राहिला किर्लोस्कर रोड. तिथंही आता शीटच शीट.

कुणी म्हणेल, दुरुस्तीला पैसा कुठला? पागडीची भांडणं, भाऊबंदकी, जुनं फुटकळ भाडं, सगळं मान्य. आमचं भाडं सांगितलं तर मीच लाजेन. पण शीटला पैसा आला की नाही? त्यातल्या निम्म्यात कौलं शाकारून झाली असती, गळकी पन्हळ बदलली असती.

आता पलीकडच्या इमारतीवरही सांगाडा चढतोय. सकाळपासून ड्रिल चालू आहे, आमच्या फळीवरचे डबे हादरतायत. दिवाळीच्या आत काम उरकायचंय म्हणे.