'पुस्तकं वाचायची असतात, मांडायची नसतात': खडूस वाचक यांना उत्तर

खडूस वाचक, नमस्कार. (नाव तुम्हीच घेतलंय, मी ठेवलेलं नाही.)

'गेल्या वर्षी आवडलेली पुस्तकं आणि त्यांनी बदललेलं घर' या पोस्टवरची तुमची कमेंट मी दोनदा वाचली. पूर्ण वाचायचा ज्यांना कंटाळा येईल त्यांच्यासाठी इथे थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की पुस्तक वाचायची गोष्ट आहे आणि मी तिचा शोपीस केलाय, रॅकवर मुखपृष्ठं समोर करून ठेवलेली पुस्तकं म्हणजे 'दुकानाची काच'. दुसरं, पाचातली तीन इंग्रजी आणि तीही घरांवरची, त्यातलं ते जाडजूड तर मी पूर्ण वाचलं असेल का याचीच तुम्हाला शंका. तिसरं, हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले, भाड्याच्या घरात राहणाऱ्याने काय करायचं? आणि एवढं सगळं झोडपून झाल्यावर जाता जाता विचारलंय, की उघड्या रॅकवर कसर लागत नाही का.

उत्तर लांबणार आहे. आधी पैशाचं घेते, कारण त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

अहो, मीही भाड्यानेच राहते. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, आणि घरमालकांची पहिली अट काय तर भिंतीला खिळा ठोकायचा नाही. पोस्टमधले फोटो परत बघा, एक तरी गोष्ट भिंतीला टांगलेली दिसते का? रॅक जमिनीवर उभं आहे, दिवा जमिनीवर उभा आहे, सतरंजी जमिनीवर पसरलेली आहे, आणि सगळ्यात मोठा बदल ज्याने झाला तो म्हणजे एक बल्ब, जो कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. शिवाय पाच पुस्तकांतलं एक लॉरी बेकरवरचं होतं, गौतम भाटियांनी लिहिलेलं, 1991 सालचं. बेकर म्हणजे बर्मिंगहॅमला जन्मलेला आणि पुढे केरळात स्थायिक झालेला आर्किटेक्ट, ज्याने कमी पैशात घर कसं बांधायचं याच्या पुस्तिका स्वतः चित्रं काढून छापल्या. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, म्हणजे भिंतीच्या पोटात पोकळी राहते, विटाही कमी लागतात आणि आत गारवाही टिकतो. गिलावा नाही, रंग नाही, विटांच्या जाळीतून येणारा उजेड हीच सजावट. तिरुअनंतपुरमचं त्याचं गोल गोल वर चढत जाणारं इंडियन कॉफी हाऊस कधी बघा, टेबलं-बाकडी सगळी बांधकामातच घडवलेली, वेगळं फर्निचर म्हणून काही नाहीच. या माणसाच्या पुस्तकावर 'पैसेवाल्यांचे चोचले' असा शिक्का मारायचा म्हणजे तुम्ही माझी पोस्ट वाचली नाहीत, फक्त फोटो बघितलेत, आणि मग शोपीस कोणी केला हा प्रश्न मी विचारू शकते ना?

आता 'इंग्रजी' पुस्तकांबद्दल. तीनातलं एक मुळात जपानी आहे. जुनिचिरो तानिझाकीचा 1933 चा लांबलचक निबंध, इंग्रजीत 'इन प्रेज ऑफ शॅडोज' म्हणून 1977 साली आला. एका बैठकीत संपतो. सुरुवातच मला एवढी आवडली, की हा लेखक जपानी पद्धतीचं घर बांधायला घेतो आणि डोकं कशाने उठतं तर विजेच्या वायरी, गॅसचे नि पाण्याचे पाइप लपवायचे कुठे! कागदी सरकते पडदे हवेत पण थंडी अडवायला काचही हवी, मग आतून कागद आणि बाहेरून काच असा दुहेरी खर्च. म्हणजे मोठा साहित्यिक असला तरी घर लावताना आपल्यासारखाच वैतागतो. आणि मग तिथून तो हळूहळू अंधाराकडे जातो. लाखेची काळी भांडी, त्यावरचं सोनेरी काम, हे भगभगीत प्रकाशात भडक दिसतं कारण ते मुळात मिणमिणत्या उजेडात बघायलाच केलेलं होतं, असं तो म्हणतो.

हे सगळं मी वाचत होते आमच्या हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली. तुम्हाला सांगते, आपल्या मध्यमवर्गीय घरातल्या वाचनाचं सगळ्यात जास्त वाटोळं टीव्हीने नाही, मोबाइलनेही नाही, हॉलभर पडणाऱ्या त्या एकसारख्या पांढऱ्या उजेडाने केलंय असं माझं ठाम मत झालंय. जेवायला तोच, भांडायला तोच, पाहुणे आले की तोच, आणि वाचायलाही तोच. कुठे टेकावं असा एकही कोपरा त्यात उरत नाही. मी फक्त एवढं केलं की संध्याकाळी ट्यूब बंद, आणि खुर्चीच्या मागे उभ्या दिव्यात 2700 केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा) पिवळसर एलईडी, 9 वॅटचा. आपल्याकडे सर्रास खपतात ते 6500 चे निळसर पांढरे, तर खोक्यावरचा आकडा बघून घ्या. बाकी खोली अंधारी राहिली तर राहू दे. सासूबाई म्हणाल्या दिवे गेलेत का, पण दोन-चार दिवसांत त्याच खुर्चीत पोथी घेऊन बसायला लागल्या आणि आता माझाच नंबर लागत नाही.

आणि मी जपानी घराची नक्कल केली असंही समजू नका. या इंग्रजी भाषांतराच्या शेवटी एक किस्सा आहे, तानिझाकींच्या पत्नीने सांगितलेला. त्यांना नवीन घर बांधायचं होतं, आर्किटेक्ट ऐटीत म्हणाला की मी तुमचं ते पुस्तक वाचलंय, तुम्हाला काय हवंय ते मला बरोबर कळलंय. तर हे म्हणाले, छे, तसल्या घरात मला राहता यायचं नाही! मी तर हसत सुटले. पुस्तक वाचून घर तसंच्या तसं करायचं नसतं हे लेखकालाच माहीत होतं, पण म्हणून पुस्तकाने घराकडे बघायची नजर बदलू नये असं थोडीच आहे.

जाडजूड ते 'अ पॅटर्न लँग्वेज', ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि मंडळींचं, 1977 चंच. नाही, सलग वाचलेलं नाही, आणि ते सलग वाचायचं पुस्तकही नाही. 253 मुद्दे आहेत, शहर कसं असावं इथून सुरुवात करून खिडकी, बाक, फळी असं खाली खाली येतं, प्रत्येक मुद्दा दुसऱ्या चार मुद्द्यांकडे पाठवतो, तुम्ही उड्या मारत वाचायचं. 252 वा मुद्दा नेमका हाच, की उजेड खोलीभर सारखा नको, त्याची तळी हवीत, माणसं आपोआप त्यात येऊन बसतात. त्याच्या आधीचा, खुर्च्या वेगवेगळ्या असाव्यात, कारण माणसं वेगवेगळ्या मापाची असतात आणि वेगवेगळी बसतात. हे वाचल्यावर थ्री प्लस वन प्लस वन सोफासेटबद्दल माझ्या मनात जे काही साठलं होतं त्याला एकदम शास्त्राधार मिळाला. (सोफासेटवर एक वेगळी पोस्ट लिहायचीय, राहू दे आत्ता.) खोलीला दोन बाजूंनी उजेड हवा असाही एक मुद्दा आहे, तो आमच्या फ्लॅटला लागू नाही, खिडकी एकाच बाजूला आणि समोर शेजारच्या बिल्डिंगचा जिना. आणि सगळ्यात शेवटचा, 253 वा, की सजावटीला बाजारातून काही आणू नका, तुमच्या जगण्यातल्या वस्तू मांडा. माझ्या जगण्यात पुस्तकं आहेत. मी ती मांडली.

यावरून तुमची 'दुकानाची काच'. मुखपृष्ठ समोर करून जे पुस्तक मी ठेवलंय त्याचं कव्हर दीनानाथ दलालांचं आहे. दलाल मडगावचे, 1916 चा जन्म, मुंबईत येऊन आयुष्यभर मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं काढली, 1945 पासून 'दीपावली' हा अंक काढला, आणि कित्येक मराठी घरांत चित्र म्हणून जे काही पहिल्यांदा शिरलं ते त्यांच्या त्या मुखपृष्ठांवरून नि कॅलेंडरांवरून. ते त्यांनी रॅकमध्ये कण्याकडून दिसावं म्हणून काढलं होतं का? आमच्याकडे महिन्याला एक पुस्तक समोर येतं, आधीचं आत जातं. खिळा न ठोकता चित्र लावायचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

आणि खरा पुस्तकवाला असलं काही करत नाही म्हणता, तर चार्ल्स डिकन्सचं काय करायचं? 1851 मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक हाऊसमध्ये राहायला गेल्यावर या गृहस्थाने बाइंडरकडून चक्क खोट्या पुस्तकांचे कणे करून घेतले, नावं स्वतः रचून दिली. त्यातलं एक होतं 'मांजराची आयुष्यं', नऊ खंड. आता बोला.

हां, एक गोष्ट मात्र मलाही सहन होत नाही. पुस्तकं उलटी लावायची, कणा भिंतीकडे आणि पानं बाहेर, का तर सगळं कसं छान बेज दिसतं. ते बघितलं की मीही तुमच्याइतकीच खडूस होते. वाचायला काढायचं असेल तर सापडणार कसं? म्हणजे काढायचं नाहीचे हे गृहीत धरलेलं आहे.

राहिली दोन मराठी पुस्तकं, ज्यांच्यावर तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, तरी 'मराठी कुठाय' हे विचारलंतच. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' 1956 चं, मी दर वर्षी त्या त्या महिन्याचं प्रकरण त्या महिन्यात वाचते, वाचून झालं की खाली जाऊन झाडं बघते. खुर्चीवरच्या उशांचे अभ्रे मी चैत्रातल्या पिंपळाच्या कोवळ्या पानाच्या रंगाचे शोधले, तो तांबूस गुलाबी रंग कुठल्याच शेडकार्डात धड नसतो, शेवटी खणाच्या कापडात सापडला. आणि लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई नाशिक, नागपूर, राजनांदगाव, नगर अशी बिऱ्हाडं करत राहिल्या, नवरा, म्हणजे रेव्हरंड टिळक, कधी काय देऊन टाकतील याचा नेम नाही, आणि तरी जिथे जातील तिथे माणसांनी भरलेलं घर उभं. सजावटीचं एक वाक्य नाही त्यात. पण दर ॲग्रीमेंटला खोकी बांधणाऱ्या माणसाने घर म्हणजे काय हे कुठल्याही इंटिरिअरच्या मासिकापेक्षा त्यात वाचावं, म्हणून ते यादीत होतं आणि पहिल्या नंबरावर होतं.

आता कसर. लागते, लागणारच, तिला ओल आणि बाइंडिंगची खळ दोन्ही आवडतं. रॅक बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, दोन-तीन इंच अंतर ठेवा, पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. पुस्तकं गच्च कोंबू नका. काचेचं बंद कपाट असेल तर पावसाळ्यात उघडीप मिळाली की दारं उघडी ठेवा, नाहीतर आत कुबट वास धरतो आणि उघड्या रॅकपेक्षा वाईट हाल होतात. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला, ओला ठेवलात तर तोच बुरशी आणेल. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात सगळी पुस्तकं काढून पानं फडफडवून घ्यायची, पण सावलीत, थेट उन्हात नाही, कागद पिवळा पडून तुटायला लागतो. आणि फळी करून घेणार असाल तर 18 एमएमचा प्लाय आणि दोन आधारांमध्ये अडीच फुटांच्या वर अंतर नको, सुतार काहीही म्हणो, पुस्तकांचं वजन त्याला माहीत नसतं, फळी मधे झोल खाते.