‘गूगलवर नाही म्हणजे नाहीच’? मग मोमिनाबाद शोधून बघा

‘संशोधकांनो, वेळ वाचवा’ या मथळ्याचा फॉरवर्ड गेल्या महिन्यात मला तीन ग्रुपांवर आला. सोडून दिला. परवा अंबाजोगाईहून भाचीचा फोन आला. इतिहासात एम.ए. करते, प्रबंधिकेला विषय घेतलाय निजामकाळातलं आपलं गाव. म्हणे, “मामा, विषय बदलावा म्हणते. त्या काळातली आपल्या गावाची नोंदच नाही.” कशावरून? तर फॉरवर्डातला पहिलाच मुद्दा: ‘जे गूगलवर सापडत नाही, ते अस्तित्वात नाही.’ मुकुंदराजांचं, दासोपंतांचं गाव आणि नोंद नाही! आता मात्र बोलणं भाग आहे.

बाईंनी शोधलं काय, तर ‘अंबाजोगाई’. अगं, निजामाच्या दफ्तरात गावाचं नाव मोमिनाबाद! विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघालेलं ‘इम्पीरियल गॅझेटिअर ऑफ इंडिया’, म्हणजे गावा-जिल्ह्यांची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साऊथ एशिया लायब्ररी’वर फुकट वाचता येतं. त्यात गाव मोमिनाबाद या नावाखाली आहे. त्याच ग्रंथात बीड ‘भीर’ आहे, नांदेड ‘नांदेर’ आहे. इंग्रजी स्पेलिंगात शेवटी ‘डी’ टाकलात की रिकाम्या हातानं परत. लातूर 1982 पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होतं आणि त्या जिल्ह्याचं आधीचं नाव नळदुर्ग. जालना 1981 पर्यंत औरंगाबादेत. आता छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं आली, म्हणजे शोधायचे शब्द आणखी वाढले. मुंबई इलाख्याचे जाडजूड गॅझेटिअर चाळून ‘यात आपला जिल्हाच नाही’ म्हणणारेही भेटतात. कसा असेल? आपण मराठवाड्यातले, निजामाच्या राज्यात होतो.

सालाचंही तेच. भाचीला एका जुन्या कागदावर 1357 दिसलं आणि तिला तो चौदाव्या शतकातला वाटला. ते फसली साल, निजामाच्या दफ्तरातलं महसुली वर्ष. 590 मिळवा, 1947 येतं; ते वर्ष त्या ऑक्टोबरात सुरू झालं. निजामाचं राज्य भारतात आणणारी सप्टेंबर 1948 ची पोलीस ॲक्शन त्याच फसली वर्षातली. हे गूगलला आपण सांगायचं असतं, ते आपल्याला सांगत नाही.

दुसरा मुद्दा, ‘अभिलेखागारांच्या साइट फक्त प्राध्यापकांसाठी, शिवाय पैसे लागतात.’ खोटं. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर नाव नोंदवून घरबसल्या सूची बघता येते. ‘शोधगंगा’वर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध फुकट आहेत. दुसऱ्याच्या प्रबंधाची संदर्भसूची वाचणं हे तर निम्मं काम.

‘एआय संदर्भासकट उत्तर देतं.’ देतं ना! भाचीला एक पुस्तक लेखकासकट दिलं, ते कुठल्याच ग्रंथालयाच्या सूचीत सापडेना. पुढे बोलत नाही.

‘साइट बंद पडली की माहिती गेली.’ दर वेळी नाही. जुनी वेबपानं जपणाऱ्या ‘वेबॅक मशीन’ या साइटवर 1996 पासूनची पानं साठवलेली आहेत. जुना पत्ता टाकून बघा, साठवलं असेल तर मिळेल.

राहिला शेवटचा, ‘आता ग्रंथालयात जायची गरजच नाही.’ यात अर्धं खरं आहे, मान्य करतो. इंटरनेट आर्काइव्ह या फुकट ऑनलाइन ग्रंथालयात जुन्या मराठी पुस्तकांचे इतके स्कॅन आहेत की माझ्या वेळी त्यासाठी पुण्याच्या चार फेऱ्या झाल्या असत्या. पण स्कॅन दिसतो म्हणजे त्यातला शब्द सापडतो असं नाही. कित्येक जुन्या देवनागरी स्कॅनांत यंत्रानं अक्षरं वाचलेलीच नाहीत, आणि पुस्तकाचं नाव रोमन लिपीत कसंबसं टंकलेलं असतं. मोडी आणि उर्दूचं तर विचारूच नका. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा मराठवाड्यात मोडी नि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, दफ्तरांतले गठ्ठे उघडावे लागले. सगळं एका क्लिकवर असतं, तर सरकारनं एवढा खटाटोप कशाला केला असता? आणि हैदराबादेत तारनाक्याच्या अभिलेखागारात निजामाचे जे कागद आहेत, त्यांच्यासाठी आजही रेल्वेचं तिकीटच काढावं लागतं.

रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज: “मामा, मोमिनाबाद टाकलं. आपल्या गावात हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती म्हणे! विषय बदलत नाही. ते फसलीचं गणित तेवढं परत एकदा सांगा.”