वाद्यवृंद कसा पाळावा

सिनेमा-टीव्हीचा पुरस्कार सोहळा भरवताय? मग वाद्यवृंद हवाच. रेकॉर्ड केलेलं संगीत एक बटण दाबलं की वाजतं, बेसूर होत नाही आणि जेवणाची सुट्टी मागत नाही, हे सगळं खरं. पण काळ्या कपड्यांतली पन्नास-साठ माणसं एकदम गज उचलताना दिसली की कार्यक्रमाला भारदस्तपणा येतो. तेवढं दोन सेकंद दाखवा आणि कॅमेरा लगेच पहिल्या रांगेतल्या नटांकडे वळवा.

पहिला प्रश्न, त्यांना बसवायचं कुठे? रंगमंचाखालचा खड्डा ही जुनी सोय. त्याहून सुधारलेली सोय २०१३ च्या ऑस्करला झाली. सोहळा डॉल्बी थिएटरात आणि वादक तिथून दीडेक किलोमीटरवर, कॅपिटॉल रेकॉर्ड्स या संगीत कंपनीच्या इमारतीत. ते तिथे वाजवत होते, सूर तारेतून सभागृहात पोचत होते. संगीत प्रत्यक्ष, वादक अप्रत्यक्ष. शिवाय भाषण अर्धवट तोडलेल्या विजेत्याने रागाने बघायचं म्हटलं, तरी समोर कोणी नाही.

आता त्यांना कामाला लावा. एका पुरस्काराला पाच नामांकनं, म्हणजे पाच धुना. पाचही बसवून घ्यायच्या, तालीम करायची. मग प्रत्यक्ष कार्यक्रमात ती व्हायोलिनवाली बघा: हनुवटीखाली वाद्य, गज तारेपासून बोटभर वर, एका कानावर हेडफोन, त्यात तालाची टिकटिक. पुढ्यात पाच कागद. वर रंगमंचावर पाकीट उघडत नाहीये, नट त्यावर विनोद करतोय. गज तसाच अधांतरी. नाव पुकारलं जातं, संचालकाचा हात पडतो, बरोबर तोच कागद वर यायला हवा. येतो. पहिल्या ओळी टाळ्यांत बुडतात, आणि जरा ऐकू यायला लागतं तोवर विजेता माइकपाशी पोचलेला असतो. बंद! उरलेले चार कागद खाली ठेवा. ते आता कोणीच ऐकणार नाही.

हा झाला जोडधंदा. वाद्यवृंदाचा खरा उपयोग माणसं हाकलायला. विजेत्याला साधारण ४५ सेकंद द्यायची रीत आहे. त्यात आई, बायको, दिग्दर्शक, वकील आणि परमेश्वर बसवायचे, कोणत्या क्रमाने ते त्याचं त्याने ठरवावं. वेळ संपली की आधी हळुवार तंतुवाद्यं, तरी हलला नाही तर पितळी वाद्यं. सूत्रसंचालकाचा दहा मिनिटांचा फार्स मात्र चुकूनही तोडू नका. वेळ वाचवायची ती ध्वनिसंकलक आणि लघुपटवाल्यांकडून. त्यांना पुन्हा कोण बोलावणार आहे?

धून निवडताना रसिकता दाखवा. त्याच २०१३ च्या सोहळ्यात लांबलेली भाषणं तोडायला ‘जॉज’ या सिनेमातल्या शार्कची धून नेमली होती. एका सिनेमातला वाघ संगणकावर घडवणारे कलाकार बक्षीस घ्यायला आले. त्यांची कंपनी काही दिवसांपूर्वीच दिवाळखोरीत गेली होती, बाहेर रस्त्यावर त्याच व्यवसायातले लोक निदर्शनं करत होते. तो विषय निघाला आणि शार्क आला. मग माइकही गेला. गंमत अशी, की ‘जॉज’च्या संगीताला १९७६ मध्ये याच ऑस्करने गौरवलं होतं. बक्षीसपात्र संगीत असं वाया जाऊ देऊ नये, कुठे ना कुठे वापरावं.

हे हत्यार सगळ्यांवर चालत नाही, हेही लक्षात ठेवा. २००१ च्या ऑस्करला अभिनेत्री जूलिया रॉबर्ट्सने वाद्यवृंदाचे संचालक बिल काँटी यांनाच रंगमंचावरून दटावलं, तुमची काठी फार चपळ आहे, जरा बसा. त्यांना ती ‘काठीवाले’ म्हणाली. काठीवाल्यांच्या घरी स्वतःचं ऑस्कर होतं, पण ते असो. ते थांबले, ती मनसोक्त बोलली, आणि जिच्या आयुष्यावर सिनेमा होता त्या बाईचे आभार तेवढे राहून गेले. नट एड्रियन ब्रोडीने २००३ मध्ये संगीत थांबवलं, २०२५ मध्ये ‘हे मी आधीही केलंय’ म्हणत पुन्हा थांबवलं आणि साडेपाच मिनिटांच्या वर बोलला. तात्पर्य, चेहरा ओळखीचा असेल तर गज आवरा.

वाद्यवृंद परवडत नसेल तर लहान मुलांना वेठीला धरा. २०२५ च्या एमीला, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीच्या पुरस्कारांना, सूत्रसंचालकाने मुलांच्या संस्थेला एक लाख डॉलर जाहीर केले आणि ४५ सेकंदांवरच्या प्रत्येक सेकंदाला हजार डॉलर कापायचं ठरवलं. विजेते बोलतच राहिले, आकडा शून्याखाली गेला. शेवटी देणगी दिली गेली, पण त्यापेक्षा वाद्यवृंद स्वस्त पडतो.

राहता राहिला सर्वोत्कृष्ट संगीताचा पुरस्कार. विजेता संगीतकार वर येईल, बायको-मुलांची नावं घेईल, निर्मात्याचं घेईल. मग त्याला आठवेल की सिनेमासाठी हे सगळं वाजवलं कोणी. तो खड्ड्याकडे वळेल, त्यातल्या चार-दोन ओळखीच्या चेहऱ्यांकडे बघून हसेल आणि म्हणेल, “आणि माझे वादक...”

शेहेचाळिसावा सेकंद. गज उचला.