गर्दी नुसत्या विजयाने जमत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘भारतीय फुटबॉलला प्रेक्षक नाहीत, कारण संघ जिंकत नाहीत, मोठी नावं नाहीत आणि मॅच मोबाईलवर दिसते. खान्देशात सामना ठेवला तर कुत्रंही फिरकणार नाही.’ शेवटचं वाक्य झोंबलं, म्हणून लिहितोय.

आधी जिंकण्याचं. जर्मनीतला शाल्के हा फुटबॉल क्लब २०२३ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला. पुढचा हंगामही रडतखडतच गेला, तरी घरच्या मैदानावर सरासरी ६० हजारांहून जास्त लोक येत राहिले. शाल्केचं गेल्सनकर्शन हे कोळशाच्या खाणींचं जुनं शहर. तिथे क्लब आजोबांकडून नातवाकडे येतो. आपल्या यात्रेतल्या दंगलीत वेगळं काय असतं? गावचा पहिलवान मातीत उतरणार म्हटलं की माणसं हातातलं काम टाकून येतात. समोरचा भारी आहे हे दिसत असतं, तरी जोड सुटेपर्यंत कुणी हलत नाही. आपला माणूस म्हणून येतात ती.

मोठ्या नावांचं म्हणाल, तर १ जून २०१८ ला मुंबईत भारताने चिनी तैपेईला, म्हणजे तैवानला, ५-० ने हरवलं. कर्णधार सुनील छेत्रीचे तीन गोल, आणि प्रेक्षक २,५६९. मग छेत्रीने व्हिडिओतून कळकळीने लोकांना बोलावलं. ४ जूनला केनियाविरुद्ध तेच मैदान भर पावसात भरलं. मैदान तेच, छेत्रीही तोच. मधल्या काळात लोकांना कुणीतरी आपलं म्हणून हाक मारली होती.

मोबाईलच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी, खालच्या श्रेणीच्या सामन्याला प्रक्षेपणाचा फटका बसू शकतो. पण जर्मनीत पहिल्या श्रेणीचा प्रत्येक सामना टीव्हीवर दिसतो, तरी मैदानं भरतात. तिकीट परवडतं हे त्याचं एक मोठं कारण. तिथल्या डॉर्टमुंड क्लबच्या मैदानात एकट्या दक्षिण स्टँडमध्ये जवळपास २५ हजार लोक कमी पैशांत, उभ्याने सामना बघतात.

राहिला खान्देश. आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग या देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगचा, एकही संघ इथला नाही आणि मुंबईचं मैदान जळगावपासून सुमारे ४०० किलोमीटरवर. मग लोक येत नाहीत हे ठरवलं कशावरून? ठेवा की एक सामना. संघात इथली दोन पोरं घ्या, तिकीट शंभराच्या आत ठेवा. मे महिन्यात ४४ अंशांच्या उन्हात नको, डिसेंबरात ठेवा. आणि सामना अशा वेळी संपवा की चोपड्याच्या, अमळनेरच्या पोरांना परतीची एसटी मिळेल.