गोळी बंद केल्यावर त्रास होतो, म्हणून माणूस व्यसनी ठरत नाही

“डोकं शांत करणाऱ्या गोळ्या आणि एमडी-गांजा यांत काहीही फरक नाही. ओळखायची सोपी खूण सांगतो. गोळी दोन दिवस बंद करून बघा. चक्कर आली, थरथर सुटली, झोप उडाली तर समजा, तुम्ही व्यसनी झालात. खरं औषध बंद केलं तरी त्रास देत नाही. डॉक्टर मुद्दाम लावून ठेवतात. आजच एका झटक्यात बंद करा. मन खंबीर असेल तर चार दिवसांत सुटतं.”

हा मेसेज गेल्या वर्षी आपल्याकडे फिरला आणि आता परत फिरायला लागलाय. मी सांगलीत बावीस वर्षं मेडिकल चालवते. असले मेसेज रोज येतात, सगळ्यांना उत्तर देत बसायला वेळ नसतो. पण हा माझ्या तासगावच्या मावशीनं वाचला आणि अक्षरशः पाळला.

काका गेल्यावर मावशीचं खाणं-पिणं, झोप सगळं गेलं होतं. सहा महिने ती दारातल्या तुळशीपाशीसुद्धा फिरकली नव्हती. डॉक्टरांनी पॅरोक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी सुरू केली आणि हळूहळू ती माणसात आली. दोन वर्षं छान चाललं होतं. मेसेज वाचून तिनं गोळ्यांचं पाकीट डब्यात टाकून दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मला फोन. “डोळे इकडून तिकडं फिरवले की मानेतून करंट गेल्यासारखं होतंय गं. भिंत धरून मोरीत जातेय.” मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, “पोरी, खरं सांग. मला व्यसन लागलंय का?”

अडुसष्ट वर्षांची बाई. आयुष्यात कधी मशेरीसुद्धा लावली नाही. तिला हा प्रश्न विचारायला लावणारा मेसेज मी सोडून देऊ शकत नाही. एकेक वाक्य घेते.

“काहीही फरक नाही.” हा घोळ लोकांच्या डोक्यात का शिरतो, ते मला समजतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडला एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीचा, साठा पकडला. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत एमडी तयार करणारा कारखानाच सापडला. आपल्या दारात हे चाललंय म्हटल्यावर माणूस भिणारच, आणि भ्यायलाच हवं. पण व्यसन म्हणजे काय, ते मला काउंटरच्या अलीकडून दिसतं. एक पोरगा यायचा, चांगल्या घरचा. खोकल्याच्या औषधासाठी, वेदनेच्या गोळ्यांसाठी रोज नवी चिठ्ठी आणायचा, तारीख खाडाखोड केलेली. नाही म्हटलं की आधी विनवण्या, मग शिव्या. पुढं त्यानं आईच्या पाटल्या मोडल्या. त्याला कळत होतं की आपलं वाटोळं होतंय, तरी थांबता येत नव्हतं. आधी तलफ, मग हातातून लगाम सुटणं, नुकसान डोळ्यांनी दिसूनही तेच करत राहणं, आणि हळूहळू घर, काम, माणसं सगळं त्या एका गोष्टीभोवती फिरायला लागणं. व्यसन ते हे.

मावशीनं दोन वर्षांत कधी एक गोळी जास्त घेतली नाही. उलट विसरायची, म्हणून सुनेनं मोबाईलला रात्री नऊचा अलार्म लावून दिला होता. तलफ असलेल्या माणसाला अलार्म लावावा लागत नाही.

हा फरक मी माझ्या मनानं काढलेला नाही. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा डीएसएम हा निदानग्रंथ आपल्याकडचे डॉक्टरही वापरतात. त्याच्या २०१३च्या पाचव्या आवृत्तीत व्यसनाची अकरा लक्षणं दिली आहेत. त्यांत तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागणं आणि बंद केल्यावर त्रास होणं ही दोन लक्षणं आहेत. पण तिथंच स्पष्ट लिहिलंय की औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सांगितल्याप्रमाणे घेतलं जात असेल, तर ही दोन मोजायचीच नाहीत. म्हणजे मेसेजवाला जी ‘सोपी खूण’ सांगतोय, नेमकी तीच मावशीसारख्या पेशंटच्या बाबतीत गैरलागू आहे.

“खरं औषध बंद केलं तरी त्रास देत नाही.” हे वाक्य लिहिणारा माणूस ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत नसावा. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. निम्मं गाव पाण्यात, गावातली मेडिकलं बुडालेली. आमचं दुकान विश्रामबागच्या बाजूला, तिथवर पाणी आलं नाही, म्हणून खोक्यांत औषधं भरून मी शाळेतल्या छावणीवर जात होते. लोक अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडलेले. कुणाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत भिजून फुगलेली पाकिटं, वरचं नाव पुसून गेलेलं. “ती पांढरी, बारकी गोळी,” एवढंच सांगायचे.

मारुती चौकाकडचे एक आजोबा होते. त्यांची मेटोप्रोलॉल, म्हणजे बीपीची आणि हृदयाची गोळी, चार दिवस तुटली होती. छाती धडधडत होती, घाम फुटत होता, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय म्हणत होते. पलीकडे संधिवातासाठी बरीच वर्षं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्या एक काकू अंग टाकून पडल्या होत्या. उलट्या, बीपी खाली गेलेलं, उठून बसायची ताकद नाही. छावणीवरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “स्टेरॉइड चालू होतं का?”

मेटोप्रोलॉल हृदयाला रोज आवर घालतं, तेव्हा हृदय त्या आवराविरुद्ध आपली संवेदनशीलता वाढवून ठेवतं. आवर एकदम निघाला की ते उधळतं. स्टेरॉइड बाहेरून मिळत असतं तेव्हा मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपलं काम बंद ठेवतात, आणि त्यांना जागं व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. ॲसिडिटीची गोळी वर्षभर घेऊन बंद केली की काही दिवस पहिल्यापेक्षा जास्त जळजळते, तेही याच जातीचं. फिटची गोळी अचानक थांबवली तर फिट येऊ शकते. शरीर औषधाशी जुळवून घेतं आणि औषध काढल्यावर परत जुळवायला त्याला वेळ लागतो. मेंदूवर काम करणाऱ्या गोळ्यांचंही असंच आहे. त्या आजोबांना छावणीत कुणी व्यसनी म्हटलं नाही. मग मावशीला का म्हणायचं?

दुसरी बाजूही बघा. गरोदरपणात आईला अफूच्या जातीची वेदनाशामकं बराच काळ द्यावी लागली असतील, तर जन्मलेलं बाळ थरथरतं, किंचाळून रडतं, दूध नीट ओढत नाही. औषध तुटल्याचा त्रास असतो तो. एका दिवसाच्या बाळाला कुणी व्यसनी म्हणेल का? उलट मोबाईलवरच्या रमीत शेत घालवलेला माणूस बघा. पोटात कसला पदार्थ गेलेला नाही, तरी व्यसन पुरतं. त्रास आणि व्यसन कधी एकत्र येतात, दारूत बऱ्याचदा येतात, पण एकावरून दुसरं ठरत नाही.

“डॉक्टर मुद्दाम लावून ठेवतात.” या वाक्यात राग आहे, आणि त्या रागातलं काही मला मान्य आहे. झोपेच्या आणि टेन्शनच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलम, डायझेपाम वगैरे, साधारणपणे दोन-चार आठवड्यांसाठी द्यायच्या असतात. माझ्याकडे अशी माणसं येतात ज्यांची ‘पंधरा दिवसांची’ गोळी आठ वर्षं चालू आहे. ती बंद कधी आणि कशी करायची, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. २०१४ पासून या गोळ्या एच-वन यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव, औषध, किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरात लिहायचं, ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. आमच्याच धंद्यातली काही माणसं हे पाळत नाहीत, हे मी लपवणार नाही. आणि या गोळ्यांच्या बाबतीत काही माणसं खरोखर व्यसनाकडे जातात. मनानं मात्रा वाढवतात, चार डॉक्टर फिरतात, दारूबरोबर घेतात. त्यांना वेगळी मदत लागते.

डिप्रेशनच्या गोळ्यांबाबतही बरीच वर्षं पेशंटना सांगितलं गेलं की सोडताना किरकोळ त्रास होतो, आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. ब्रिटनमधल्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं २०१९ मध्ये ही भूमिका बदलली आणि काहींना तो तीव्र आणि लांबणारा असू शकतो हे मान्य केलं. २०२४ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत ७९ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. गोळी सोडणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली नुसती साखरेची गोळी सोडणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना. तीव्र त्रास सुमारे पस्तिसांत एकाला. म्हणजे सगळ्यांना होतो हेही खोटं, कुणालाच होत नाही हेही खोटं.

मावशीच्या मुलानं तिसऱ्या दिवशी तिला जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हातही न लावता सांगितलं, “तसं काही नसतं, जुना आजार उलटलाय.” याचा मला आजही राग येतो. मूळ आजार उलटला तर बहुधा आठवडे-महिने लागतात आणि लक्षणं जुनीच असतात. गोळी तुटल्याचा त्रास काही दिवसांत सुरू होतो आणि त्यात कधीच नसलेल्या गोष्टी असतात: करंट बसल्यासारखं होणं, जमीन हलणं, भडक स्वप्नं. गोळी परत सुरू केली की तो बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत ओसरतो. मावशीच्या नेहमीच्या डॉक्टरांनी फोनवर कधीपासून आणि काय होतंय एवढंच विचारलं आणि गोळी परत चालू करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती भाकरी थापत होती.

“आजच एका झटक्यात बंद करा.” या सबंध मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे. वर्षानुवर्षं अल्प्राझोलम घेणाऱ्यानं ती एकदम सोडली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम थांबवली तरी भ्रम आणि फिटचा धोका असतो. म्हणजे खरोखर व्यसन असलेल्या माणसालाही हा सल्ला लागू नाही. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं ते व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार होतात, हे धरूनच. त्या पाटल्या मोडणाऱ्या पोरालाही उपचार हवे होते, टोमणे नव्हेत. फक्त त्याचे उपचार वेगळे आणि मावशीचे वेगळे. त्याला तलफेशी झुंजायला शिकवायचं, संगत बदलायची, घरच्यांना उभं करायचं. मावशीला यातलं काही नको. तिला फक्त गोळी हळूहळू कमी करून हवी होती.

“चार दिवसांत सुटतं.” मावशीला नऊ महिने लागले. तिची गोळी २५ची सीआर, म्हणजे पोटात सावकाश सुटणारी. ही मधोमध तोडायची नसते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डॉक्टरांनी आधी साडेबारा केली. मग साधी १०ची, मग तिची अर्धी, मग चतकोर. प्रत्येक पायरीवर काही आठवडे थांबा, त्रास झाला तर आणखी थांबा. आपल्याकडे ‘एक दिवसाआड घ्या’ असं सर्रास सांगतात. पॅरोक्सेटिनसारख्या गोळीचं रक्तातलं प्रमाण साधारण एका दिवसात निम्म्यावर येतं. दिवसाआड घेतली की मेंदूला रोज वर-खाली हेलकावे. कमी करायची तर मात्रा कमी करायची, दिवस नव्हे.

आणखी एक. या गोळ्यांच्या थोड्या मात्रेतही परिणाम बराच असतो. त्यामुळं वरच्या पायऱ्या बुटक्या आणि खालच्या उंच असलेल्या जिन्यासारखं ते उतरणं आहे. पंचवीसवरून साडेबारावर येताना मावशीला काहीच जाणवलं नाही, चतकोरावरून शून्यावर येताना मात्र दोनदा मागं फिरावं लागलं. ते चतकोर तुकडे मी ब्लेडनं पाडून द्यायचे आणि ती कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवायची. हा हिशोब तिचा. तुमची गोळी वेगळी, तुमचा हिशोब तुमचे डॉक्टर करतील. आणि काही जणांनी गोळी मुळात बंद करायचीच नसते, हेही तेच सांगतील.

राहिलं “मन खंबीर असेल तर.” नवरा गेल्यावर द्राक्षबागेची छाटणी एकटीनं अंगावर घेणाऱ्या बाईला मन खंबीर ठेवायचं कुणी शिकवू नये.

मेसेज वाचून कुणी या दोन-चार दिवसांत गोळी बंद केली असेल, तर ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि कुठल्या तारखेपासून बंद आहे ते नेमकं सांगा. फिट आली, भ्रम झाला, छातीत दुखलं तर फोन करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. डॉक्टर भेटत नसतील तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. जवळच्या मेडिकलमध्ये पाकीट घेऊन गेलात तरी गोळी कुठल्या जातीची आहे, तोडता येते की नाही, एवढं आम्ही सांगू शकतो. रिकामं पाकीट असलं तरी चालेल, फक्त फेकू नका, नाव त्याच्यावरच असतं.