परदेशी जाणाऱ्यांसाठीचे ‘सहा सोनेरी नियम’ आणि त्यांतून होणारी गळती

सुट्ट्या जवळ आल्या की ‘परदेशात पैशाला फसू नका, हे सहा नियम पाळा’ असा एक निरोप हमखास फिरू लागतो. नियम असे: पैसे ‘शून्य कमिशन’ची पाटी असेल तिथेच बदला. कार्डाने देताना मशीनने विचारलं तर आपल्याच चलनात रक्कम घ्या, म्हणजे नेमके किती गेले ते कळतं. परदेशातल्या एटीएमच्या वाटेला जाऊ नका. डॉलर जवळ असले की जगात कुठे अडत नाही. लागणारे सगळे पैसे निघण्यापूर्वीच रोख करून घ्या. उरलेच तर परतल्यावर बदलून मिळतात.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण यातले पहिले दोन नियम पाळणाऱ्याच्याच खिशाला भोक पाडतात आणि उरलेले चार अर्धेमुर्धे खरे आहेत. सगळ्यांमागची चूक एकच: निरोप शुल्काकडे बघतो, दराकडे बघत नाही.

‘शून्य कमिशन’पासूनच सुरुवात करू. पैसे बदलून देणारा दोन वाटांनी कमावतो. एक तर वेगळं शुल्क लावून, नाहीतर दरातच आपला वाटा ठेवून. ती पाटी पहिल्या वाटेबद्दल खरं बोलते आणि दुसरीबद्दल गप्प बसते. बँकांच्या आपसातल्या खरेदी-विक्रीचा मधला दर इंटरनेटवर कुणालाही बघता येतो. त्या दराने प्रवाशाच्या हातात नोटा कुणीच ठेवत नाही, आणि तशी अपेक्षाही नको. नोटा आणायला, सांभाळायला, काउंटरच्या भाड्याला खर्च येतोच. बघायचं ते एवढंच, की फरक किती ठेवलाय.

तो फलकावरच दिसतो. एकाच चलनापुढे दोन आकडे असतात, विकण्याचा आणि विकत घेण्याचा. समजा ११० आणि ९०. म्हणजे ११० देऊन घेतलेलं परकी चलन तुम्ही पाठ न फिरवता तसंच परत केलंत तर ९० मिळतील. अठरा टक्के गेले, कमिशन शून्य! शेजारचा १०१ ने विकून वर दोन टक्के कमिशन घेत असेल, तर तो १०३ च्या आसपास पडतो, म्हणजे बराच स्वस्त. पण त्याच्याकडे ती पाटी नसते. विमानतळावर हा फरक बहुधा जास्तच असतो, कारण तिथल्या गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला ना वेळ असतो ना जागा. काउंटरवर एकच प्रश्न विचारावा: ‘एवढे दिले तर सगळं कापून हातात किती पडतील?’ आलेल्या आकड्याला दिलेल्या रकमेने भागलं की खरा दर निघतो.

आता दुसरा नियम. माझ्या मते हा सगळ्यांत महागात पडणारा आहे, कारण तो ऐकायला फार शहाणपणाचा वाटतो. परदेशातल्या दुकानात किंवा हॉटेलात कार्ड दिलं की मशीन ओळखतं, हे कार्ड बाहेरच्या देशातलं आहे. मग पडद्यावर दोन रकमा येतात, एक तिथल्या चलनात आणि एक तुमच्या. आपल्या चलनातला आकडा ओळखीचा असल्याने बोट आपोआप तिकडे जातं. ते बटण दाबलं की चलन बदलण्याचं काम तुमच्या बँकेच्या आणि कार्ड नेटवर्कच्या (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) हातून निघून दुकानदाराच्या बाजूच्या सेवेकडे जातं. दर ती ठरवते. त्यात काही टक्के सहज चढवलेले असतात, आणि त्या कमाईतला वाटा अनेकदा दुकानदारालाही मिळतो. काउंटरवरचा माणूस ‘सर, तुमच्याच करन्सीत करू ना?’ इतक्या अगत्याने का विचारतो, ते यावरून समजावं.

तिथलं चलन निवडलंत तर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर लागतो. तो मधल्या दराच्या बराच जवळ असतो आणि दोघांच्याही संकेतस्थळांवर आधी तपासता येतो. त्यावर तुमची बँक परदेशी व्यवहाराचं शुल्क लावते. काही कार्डांवर ते शून्य असतं, बऱ्याच कार्डांवर तीन टक्क्यांच्या आसपास. ‘आपलं चलन निवडलं की हे शुल्क तरी वाचेल’ असं कुणी म्हणेल. तशी खात्री नाही. दुकान परदेशात आहे एवढ्या कारणावरून अनेक बँका ते तेव्हाही लावतात, आणि मग दोन्हीकडून कापलं जातं.

राहिला ‘नेमके किती गेले ते कळतं’ हा मुद्दा. कळतं, हे खरंच. पण तिथल्या चलनात पैसे दिले तर अनिश्चितता असते ती दिवस-दोन दिवसांच्या दरातल्या हालचालीची. मोठ्या चलनांमध्ये ती बहुतेक वेळा एका टक्क्याच्या आतच राहते, आणि कधी तुमच्या बाजूनेही वळते. ती टाळण्यासाठी चार-सहा टक्के नक्की गमावायचे, हा कुठला हिशेब? युरोपीय संघाला तर यासाठी नियम करावा लागला. संघातल्या चलनांमध्ये असं रूपांतर करताना युरोपियन सेंट्रल बँकेच्या संदर्भ दरापेक्षा किती टक्के जादा घेतले जाताहेत, हे ग्राहकाला दाखवणं एप्रिल २०२० पासून बंधनकारक आहे. निवड ग्राहकाची असते, हे कार्ड नेटवर्कही सांगतात. तेव्हा न विचारता आपल्या चलनात पावती निघाली, तर सही करण्याआधी व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगावं. मागे रांग असली तरी.

एटीएमवर हाच डाव जरा चतुराईने मांडलेला असतो. ‘रूपांतर स्वीकारा’ आणि ‘रूपांतर नाकारा’ अशी दोन बटणं येतात. नाकारलं तर पैसेच मिळणार नाहीत अशी भीती वाटते. पैसे मिळतात, फक्त दर तुमच्या बँकेच्या बाजूचा लागतो. ही एक पायरी सांभाळली, तर बँकेच्या एटीएममधून डेबिट कार्डाने काढलेली रोकड अनेक देशांत काउंटरपेक्षा स्वस्त पडते. मात्र काही ठिकाणी मशीनचं शुल्क दर खेपेला ठरावीक असतं (थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दोनशेहून जास्त बाट), तिथे थोडे थोडे काढण्यात तोटाच. क्रेडिट कार्डाने रोख काढणं मात्र टाळावंच. साधारणपणे व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं.

डॉलरबद्दल थोडक्यात. इक्वाडोर, एल साल्वाडोर आणि पनामात तो कायदेशीर चलन आहे, कंबोडियात सर्रास घेतला जातो. इतरत्र बहुतेक ठिकाणी तो दुकानदाराच्या मर्जीने आणि त्याच्याच दराने चालतो. काही देशांत तर घडी पडलेली, शिक्का उमटलेली किंवा जुन्या छपाईची नोट सरळ परत करतात. ‘युरोपात सगळीकडे युरो चालतो’ हा समजही तसाच अर्धामुर्धा. पोलंड, चेकिया, हंगेरी, स्वीडन, डेन्मार्क यांची चलनं आपापली आहेत.

सगळे पैसे आधीच रोख करा, या सल्ल्यात चोरी-हरवण्याचा धोका तर आहेच. शिवाय देश देश वेगळा. स्वीडनमध्ये अनेक दुकानं रोख घेतच नाहीत. जपानमधल्या छोट्या खाणावळींत आणि देवळांत रोखच लागते. चीनमध्ये रोजचे व्यवहार मोबाइलवर चालतात, आणि अलीपे किंवा वीचॅट या तिथल्या अ‍ॅप्सना परदेशी कार्ड जोडता येतं. मोठी रोकड नेताना घोषणेची मर्यादाही बघावी लागते. युरोपीय संघात शिरताना दहा हजार युरो किंवा त्याहून जास्त असतील तर सांगणं भाग आहे.

तरी हा नियम अगदीच टाकाऊ नाही. इराणमध्ये परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड चालत नाहीत. रशियात मार्च २०२२ पासून बाहेरच्या देशांत दिलेली ही कार्डं बंद आहेत. तिथे जाणाऱ्याला रोख न्यावीच लागते. अर्जेंटिनात कित्येक वर्षं सरकारी दर आणि रस्त्यावरचा दर यांत एवढी तफावत होती की डॉलरच्या नोटा नेणाराच शहाणा ठरायचा. २०२२ च्या अखेरीस परदेशी कार्डांना वेगळा, चांगला दर मिळू लागल्यावर ते गणित बदललं. म्हणजे जाण्यापूर्वी त्या देशाची आजची स्थिती बघायची, पाच वर्षांपूर्वीचा निरोप नव्हे.

उरलेले पैसे परत बदलताना तोच दरातला फरक दुसऱ्यांदा मोजावा लागतो. नाणी तर बहुतेक काउंटर घेतच नाहीत. ट्युनिशियाच्या दिनारसारखं चलन देशाबाहेर नेण्यालाच मनाई आहे. ‘पुढच्या खेपेला वापरू’ म्हणून कपाटात ठेवलेल्या नोटा बादही होतात: ब्रिटनच्या कागदी २० आणि ५० पौंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालेनाशा झाल्या, आता त्या बदलून घ्याव्या लागतात. त्यापेक्षा शेवटच्या दिवशी हॉटेलच्या बिलात आधी सगळी नाणी आणि सुट्ट्या नोटा द्याव्यात आणि उरलेली रक्कम कार्डाने भरावी, अर्थात तिथल्याच चलनात.