रिटा फारियाने मुकुट वाया घालवला का?

परवा कट्ट्यावर विषय निघाला मानुषी छिल्लरचा. २०१७ ची मिस वर्ल्ड, मेडिकलची स्टुडंट होती, पुढे गेली पिक्चरमध्ये, तर पक्याचं सुरू की बघा, एक डॉक्टर कमी झाली. त्यावर सुली (आमच्यातली एकमेव डॉक्टर, दातांची का असेना) म्हणाली, मग रिटा फारियाने उलटं केलं तेव्हा तरी कुठे कौतुक केलंत? मन्याला वाटलं ही कोणी गायिका.

अरे, १९६६ ची मिस वर्ल्ड! आशियातली पहिली. मुंबईतली गोवेकर घरातली पोरगी, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होती, म्हणजे आपलं जेजे. नोव्हेंबरात लंडनला गेली तेव्हा खिशात ३ पौंड, कारण सरकार त्याहून जास्त परकीय चलन देतच नव्हतं, त्याच जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालेलं, पौंड २१ रुपयांवर, म्हणजे झाले ६३ रुपये. साडी आणि स्विमसूटसुद्धा उसने. आता मिस इंडियाच्या पोरींमागे डाएटवाले, केसवाले, बोलायला शिकवणारे अशी फौज असते, आणि ही उसन्या कपड्यांत जाऊन ५० जणींना मागे टाकून आली.

मन्या म्हणे ठीके, पण पुढे काय केलं? सुली म्हणाली, वर्षभर मुकुटाची ड्युटी केली, ख्रिसमसला बॉब होप नावाच्या अमेरिकन विनोदवीराच्या ताफ्यातून व्हिएतनामला, तिथे युद्धात असलेल्या अमेरिकन सैनिकांसमोर जाऊन आली, त्यावरून इकडे बोंबाबोंब झाली ती वेगळीच, आणि वर्ष संपल्यावर पिक्चरवाल्यांना नाही म्हणून सरळ डॉक्टरकीकडे. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात शिकली, १९७१ ला डेव्हिड पॉवेल नावाच्या डॉक्टरशी लग्न, १९७३ ला डब्लिन, आणि तिकडेच प्रॅक्टिस.

"डब्लिन?" पक्याला नेमकं पाहिजे ते सापडलं. स्टेजवर डॉक्टर का व्हायचंय विचारलं तेव्हा काय म्हणाली होती, भारताला स्त्रीरोगतज्ज्ञ पाहिजेत! आणि सेवा कोणाची, तर आयर्लंडची?

खरं सांगतो, इथे दोन मिनिटं कोणी बोललं नाही, कारण मुद्दा बिनतोड होता. मग सुलीच उसळली, की जेजेतून पास होऊन अमेरिका-इंग्लंडला गेलेल्या पुरुषांची यादी काढायची का? ते गेले की 'मुलगा सेटल झाला' आणि आपण पेढे खातो, ही गेली की देशाला फसवलं? पक्या म्हणे ते लोक स्टेजवर उभे राहून देशाचं नाव घेत नव्हते. ती म्हणे, तेविशीतल्या पोरीने परीक्षकांसमोर दिलेलं उत्तर म्हणजे काय बाँड आहे का, ग्रामीण सेवेचा?

मला विचाराल तर पक्याचा राग डब्लिनवर नाहीच, तिला आपली गरज लागली नाही याचा आहे. १९९४ ला ऐश्वर्या जिंकली, तिला आपण पिक्चरमध्ये, जाहिरातींत रोज बघितलं, ती 'आपली' झाली. रिटा दिसेनाशी झाली म्हणून विसरलो आणि विसरल्याचा दोषही तिच्यावरच. (हे मी तेव्हा बोललो नाही, पक्याकडून गाडी मागायची होती.)

मन्या शेवटी म्हणाला, बरं समज तुझ्या मुलीला दोन्ही मिळालं, मेडिकलची सीट आणि मिस इंडियाचा मुकुट, तर काय करायला सांगशील? पक्या पटकन बोलून गेला, "आधी मुकुट, सीट काय पुढच्या वर्षी परत मिळेल."

सुलीने चहाचा ग्लास तसाच खाली ठेवला. नीटचा कटऑफ माहितीये का रे तुला, इथून जी सुरुवात झाली ती दुकानदाराने शटर ओढेपर्यंत.